मध्यंतरात दिसलेलं हसू

४ जानेवारी

चि. गडबडीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी मनानं भरते, हे आता तुलाही ठाऊक झालंय. परवा तू "पडसं आलंय" म्हणालीस, मी "पाडस आणलंय" ऐकलं, आणि तुझ्या त्या दोन खोल्यांत ही बया हरणाचं पिल्लू ठेवणार कुठे, या काळजीत माझी संध्याकाळ गेली. तेव्हा आपलं पत्रच बरं.

बातमी अशी की आमच्या इथल्या जुन्या टॉकीजमध्ये आता नाटकं दाखवतात. नाटकाचा सिनेमा नव्हे हं. तिकडे तुमच्या शहरात थिएटरात पडदा वर जातो, त्याच क्षणी इकडे आम्हाला तो वर जाताना दिसतो. तिकडे नटाला ठसका लागला की इकडे आपला जीव खालीवर. काल मी पहिल्यांदा गेले.

राजाचं नाटक होतं. आपण तिघं जायचो तेव्हा कुठे बसायचो आठवतं ना? पार मागे. म्हणजे आपण दोघी नाटक बघायचो आणि लंबू, माझा मुलगा असून, तुझ्या खांद्यावर मान टाकून झोपायचा. तिथून राजा म्हणजे एक दाढी आणि एक झगा. काल राजाचं तोंड माझ्या घराच्या दाराएवढं. मरताना त्यानं आ वासला तर खालच्या दाढेत भरलेली चांदी मला लख्ख दिसली. काम बरं होतं, पण कड नीट घासलेली नव्हती. जन्मभर लोकांच्या तोंडात वाकले, दवाखाना बंद केला, तरी तोंडं काही पाठ सोडत नाहीत. राजा मेला, बाया मुसमुसल्या, आणि मी आपली दाढ बघतेय.

शेजारच्या खुर्चीत शिवणाचं दुकान असलेल्या बाई होत्या. त्यांचा जीव राणीच्या झग्याच्या उसवलेल्या बाहीत अडकला होता. नाटक कसं झालं ते आम्हा दोघींना कुणी विचारू नये.

पण खरी गंमत पुढेच. पडद्यावर खाली नटांची वाक्यं लिहून येतात. मला एकही वाक्य मनानं भरावं लागलं नाही! कान गेल्यापासून मी थिएटर सोडलं होतं, ते असं मागच्या दारानं घरात आलं. संपल्यावर टाळ्या वाजवाव्यात की नाही कुणालाच कळेना. पडद्याला कसल्या टाळ्या? शेवटी एका म्हाताऱ्यानं वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या.

माझ्या डोक्यात एक खूळ आलंय. पुढच्या महिन्यात एक नवीन नाटक दाखवणार आहेत. त्याच वेळी ते तुमच्याकडच्या टॉकीजमध्येही असणार. तू तिथे बस, मी इथे बसते. एकाच वेळी एकच नाटक. म्हणजे शेजारी बसल्यासारखंच, फक्त मधली खुर्ची जरा लांबरुंद. लंबू गेल्यापासून आपण दोघींनी मिळून नाटक पाहिलेलं नाही. सहा वर्षं झाली. बघ, जमतंय का.

तुझी,
आई


१५ जानेवारी

ती. आईंना,
सा. न.

अहो आई, हे काय विचारणं झालं? जमवणारच. पाडसाला शेजाऱ्यांकडे ठेवून जाईन.

आणि ऐका तरी. ज्या थिएटरातून ते नाटक येणार, तिथलीच लिफ्ट मी मागच्या महिन्यात तपासली! माणसांची नव्हे, रंगमंचाखालची. एकदम जमिनीतून भुतं वर येतात ना, ती या लिफ्टनं येतात. मी स्वतः तिच्यावर उभी राहून वर आले. समोर सगळ्या खुर्च्या रिकाम्या, आणि मी डोक्यावर हेल्मेट घालून रंगमंचाच्या मधोमध. वाटलं, एखादं वाक्य फेकावं. तोंडातून निघालं, "ब्रेक घसरतोय." खाली उभे असलेले मॅनेजर म्हणाले, "बाई, आमचे काही नट यापेक्षा वाईट बोलतात."

त्या थिएटरची तिकिटं मात्र केव्हाच संपलीत. त्यामुळे मीही तुमच्यासारखी टॉकीजमध्येच. घरापासून चालत जाण्यासारखं आहे. मध्यंतरात कॉफी घेईन, तुम्हीही घ्या.

बाकी इथे ठीक. कामाचा रगाडा आहे. आमच्या गल्लीत एक गुरांचे डॉक्टर राहायला आलेत, तेही नाटकवेडे निघाले. गुडघ्याला तेल लावता ना? लावत नसाल तर "लावते" असं लिहू नका, तुमचं खोटं अक्षरात दिसतं.

तुमची,
गडबड


१२ फेब्रुवारी

ती. आईंना,
सा. न.

काय नाटक होतं हो! वीस वर्षांनी माणूस घरी परततो, घरातलं कुणी त्याला ओळखत नाही, आणि तो मुकाट्यानं स्वतःच्याच घरात भाडेकरू म्हणून राहतो. बायको त्याला खोलीची किल्ली देते तेव्हा तिचा हात जरा थांबतो. ते तुम्ही पाहिलंत ना? मला वाटलं, आता ओळखणार. नाही ओळखलं.

आमच्या टॉकीजमध्ये थंडी इतकी होती की पाय वर घेऊन बसले. पडद्यावर सगळं किती मोठं दिसतं, तुम्ही म्हणाला होतात तसंच. मध्यंतरात कॉफीला ही गर्दी. मी तुमच्या नावानं एक घोट घेतला. आता तुमचं सांगा. भाडेकरूच्या दातांचं काय?

घाईत आहे. सविस्तर मागाहून लिहिते.

तुमची,
गडबड


२ मार्च

चि. सूनबाईस,
आशीर्वाद.

तुझं पत्र वेळेवर मिळालं. उत्तराला उशीर मी केला. मनात राग असताना मी कधी कुणाच्या दातांना हात लावला नाही, तसंच पत्राचंही.

मी तुला पाहिलं.

मध्यंतर झालं तेव्हा पडद्यावर तिथलं थिएटर दाखवत होते. कॅमेरा सावकाश रांगांवरून फिरत होता. कुणी आळस देतंय, कुणी खुर्चीखाली चष्मा शोधतंय. मग एक बाई दिसली, केस आखूड कापलेली. मी ओळखलं नाही. केस कापल्याचं तू कळवलं नव्हतंस. पण ती बाई मान मागे टाकून हसली आणि तिचा वरचा पुढचा दात चमकला. सायकलवरून पडून तू तो फोडला होतास, लग्नाच्या आठच दिवस आधी. त्याचा कोपरा मी बांधून दिला होता, रंग एक छटा उजळ झाला तो झालाच. स्वतःच्या हातचं काम मी मैलभरावरून ओळखेन. इथे तर तो दात माझ्या डोक्याएवढा होता.

मी ताडकन उभी राहिले. "अहो, ती माझी सून!" इतक्या मोठ्यानं ओरडले की सगळी टॉकीज वळून माझ्याकडे बघायला लागली.

कॅमेरा तिथेच रेंगाळला. तुझ्या शेजारी एक गृहस्थ होते. तुझी शाल खांद्यावरून घसरली, ती त्यांनी उचलून पुन्हा खांद्यावर ठेवली. तुला विचारलं नाही, आणि तूही वळून पाहिलं नाहीस. असं न बघता होणारं काम नव्या ओळखीत होत नसतं.

पुढे तुझं पत्र आलं. त्यात टॉकीज होती, थंडी होती, पाय वर घेणं होतं, माझ्या नावाचा घोटही होता. तुला खोटं बोलता येत नाही गं. त्यानंतर मध्यंतर संपेपर्यंत पडद्यावर दिग्दर्शकाची मुलाखत चालू होती. गावोगावच्या टॉकीजमधून सगळ्यांनी ती पाहिली. तुझ्या पत्रात तिचं नावही नाही.

मला आधी वाईट वाटलं ते काय माहीत आहे? तू खरं नाटक बघत होतीस आणि मी पडद्यावर, याचं. लहान पोरासारखं. बाकीचं नंतर वाटलं.

असो. मी विचार केला. तू अजून तरुण आहेस. ज्याच्यामुळे तू माझी होतीस, तो राहिला नाही. दर पंधरवड्याला कुणा म्हातारीला गुडघ्याचं तेल विचारायचं आणि तिला वाईट वाटू नये म्हणून न पाहिलेली टॉकीज रंगवायची, हे ओझं तू आता वाहू नकोस. त्या गृहस्थांच्या घरीही वडीलधारं कुणी असेल, त्यांची विचारपूस कर. मी तुला मोकळं करते आहे. रागानं नाही, मनापासून.

तुझी सायकल इथे मागच्या खोलीत आहे. कुणाला द्यायची ते कळवलंस की देऊन टाकीन.

आई


९ एप्रिल

आई,

तुमच्या पत्राला महिना उलटून गेला. मी पाच वेळा लिहायला बसले आणि पाचही फाडली. हे सहावं. यात नमस्कार वगैरे घातलेला नाही, कारण तुम्हीही मला जन्मात पहिल्यांदा "सूनबाई" म्हणालात.

तुम्ही मला मोकळं केलंत. कुणी मागितलं होतं?

लंबूमुळे मी तुमची झाले, मान्य. पण गेली सहा वर्षं तो नव्हता. तेव्हा सुट्टी मिळाली की मी कुणाकडे धावत येत होते? तुमच्या स्वयंपाकघरात ओट्यावर चढून बसायचे, तुम्ही ओरडायचात, ते कुणाची कोण म्हणून? माझ्या आजारपणात तुम्ही न कळवता येऊन माझ्या उशाशी बसलात, तेव्हा नात्याचा हिशोब लावला होतात का? आणि आता एक शाल खांद्यावर ठेवलेली पाहिलीत आणि सायकल कुणाला द्यायची ते विचारताय! सायकल माझी आहे. तिथेच राहील.

आता खरं ते सांगते, पहिल्यापासून.

ते गुरांचे डॉक्टर, ज्यांच्याबद्दल मी एक ओळ लिहिली होती, तेच ते. ओळख वर्षाची आहे. त्यांच्या दवाखान्याच्या इमारतीतली लिफ्ट अडकली, आत ते आणि एक भलं मोठं कुत्रं. मी बाहेरून ओरडले, "घाबरू नका, दहा मिनिटांत काढते." आतून आवाज आला, "मी नाही घाबरलो, हा घाबरलाय. याच्याशी बोला." मग मी बंद दाराशी बसून कुत्र्याशी गप्पा मारल्या. तिथून सुरुवात.

डिसेंबरात त्यांनी मला लग्नाचं विचारलं. मी म्हटलं, आधी आईंशी बोलेन, मग उत्तर देईन. ते म्हणाले, तुझी आई? मी म्हटलं, नाही, सासू. त्यांना त्यात काही विचित्र वाटलं नाही, इतकंच सांगते.

तुम्हाला सांगायला मी प्रत्येक पत्रात सुरुवात करायची आणि गुडघ्याच्या तेलावर येऊन थांबायची. वाटायचं, हे वाचून तुम्ही वरवर चांगलंच बोलाल, आणि मग हळूच दार लावून घ्याल. आता बघा, नेमकं तेच केलंत.

त्या दिवशी मी खरंच टॉकीजलाच जाणार होते. दुपारी मॅनेजरांचा फोन आला. लिफ्ट वेळेत दुरुस्त झाली म्हणून दोन खुर्च्या ठेवल्यात, म्हणाले. मला मोह झाला. आणि घरी आल्यावर वाटलं, तुम्ही तिकडे एकट्या बसलात आपल्या दोघींचं नाटक म्हणून, आणि मी दुसऱ्याच कुणाबरोबर. हे कसं लिहू? म्हणून टॉकीज रंगवली. चुकलंच.

मागच्या आठवड्यात ते नाटक आमच्या टॉकीजमध्ये पुन्हा दाखवलं. मध्यंतरासकट, जसंच्या तसं. मी एकटी गेले. तुम्ही कुठल्या रांगेत बसला असाल याचा अंदाज घेऊन तशाच जागी बसले. कॅमेरा फिरत आला आणि मी मला पाहिलं. आई, मला माहीतच नव्हतं मी अजून अशी हसते. मला वाटायचं, ते लंबूबरोबर गेलं. अंधारात बसून मी स्वतःकडे परक्या बाईकडे बघावं तशी बघत राहिले. मग शाल आली खांद्यावर. तुम्ही लिहिलंत ते खरं आहे, मी वळूनही पाहिलं नाही. तुमच्या खुर्चीतून ते कसं दिसलं असेल ते मला तेव्हा कळलं, आणि मी उठून बाहेर आले.

का हसले होते, तेही सांगते. डॉक्टर म्हणाले होते, "या घरात एक कुत्रं असतं ना, तर नाटक पाच मिनिटांत संपलं असतं. त्यानं मालकाला बरोबर ओळखलं असतं."

आता राग काढा, काय ते बोला. पण मला मोकळं बिकळं करायचं नाही. मी त्यांना अजून उत्तर दिलेलं नाही. ते थांबलेत. मीही थांबलेय, तुमच्यासाठी.

गडबड


१६ एप्रिल

चि. गडबडीस,
अनेक अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दारातच उभ्यानं वाचलं. मग आत येऊन चष्मा पुसून पुन्हा वाचलं. सायकलला आज तेल दिलं. गुडघ्यालाही.

तू सगळं लिहिलंस, तर मी एक गोष्ट दडवून ठेवणं बरं नाही. मागच्या पत्रात मी तुला अर्धीच हकीकत सांगितली होती.

"ती माझी सून" म्हणून मी ओरडले, ते लिहिलं होतं. पुढचं असं. शिवणाच्या बाई पडद्याकडे बघत म्हणाल्या, "अगंबाई! छान आहे हो. आणि शेजारी तुमचा मुलगा का?"

मी म्हटलं, "हो."

का म्हटलं? नाही म्हणाले असते तर पुढचा प्रश्न आला असता, त्याचं उत्तर द्यावं लागलं असतं, आणि मग त्या "अरेरे" म्हणाल्या असत्या. मध्यंतरात, कॉफीच्या कपासह मला ते नको होतं. पण खरं कारण तेवढंच नाही. त्यांनी विचारलं आणि तोंडातून निघून गेलं. त्याच क्षणी पडद्यावर शाल उचलली गेली. बाई म्हणाल्या, "किती सांभाळतो हो बायकोला! हल्ली असे मुलगे कुठे असतात?" आणि मला अभिमान वाटला गं. माझा मुलगा किती सांभाळतो.

दोनच मिनिटं असतील. मग दिवे मालवले आणि मी काय बोलले ते माझ्या लक्षात आलं. पुढचं नाटक मी पाहिलंच नाही. खाली वाक्यं येत होती, जात होती. बायकोनं त्याला ओळखलं की नाही शेवटी, ते मला आजतागायत माहीत नाही. स्वतःच्या पोराच्या जागी मी एका क्षणात दुसरा माणूस बसवला, आणि मला सुखाचं वाटलं. त्याचा राग होता. तो काढायला माणूस हवा होता, ती तू सापडलीस. खोटं बोलून तू माझं काम सोपं केलंस.

मोकळं केलं ते स्वतःला वाचवायला. तू जाशील, तर निदान मी घालवली म्हणून जाशील, असं काहीतरी. या वयातही माणसाला अक्कल येते ती अशी पोस्टानं येते.

आता पुढचं. आठ मेला इथे पुन्हा नाटक आहे. तुम्ही दोघं या. सकाळी या, जेवून दुपारी टॉकीजला जाऊ. मी तीन तिकिटं काढून ठेवते. त्यांना सांग, मी काही घोड्यासारखे त्यांचे दात तपासणार नाही. म्हणजे, दिसले तर बघेन.

केस आखूड बरे दिसतात. मागून थोडे वाढव.

तुझी,
आई


७ मे

ती. आईंना,
सा. न.

हे पत्र ज्यांच्या हातून मिळालं, तेच ते.

मी येऊ शकत नाही. इथल्या मोठ्या इस्पितळाची लिफ्ट आज दुपारपासून बंद आहे. ऑपरेशनचे रुग्ण जिन्यावरून उचलून न्यावे लागतायत. मला सोडून जाता येणार नाही. मी म्हटलं, भेट पुढे ढकलू. तर हे म्हणाले, "त्यांनी तिकिटं काढलीत, जेवण करून ठेवलं असेल. मी एकटा जातो." मी म्हटलं, तुम्हाला भीती नाही वाटत? तर म्हणाले, "वाटते ना. पण चावणार तर नाहीत."

डाव्या बाजूनं बोलायला सांगितलंय, तुमचा तो कान बरा आहे म्हणून. सांभाळून घ्या. दोघांनाही सांगतेय.

तुमची,
गडबड


९ मे

चि. गडबडीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा माणूस काल सकाळी आला आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. हे पत्र मिळेपर्यंत त्यानं तुला काय काय सांगितलं असेल देव जाणे, पण माझ्याकडची हकीकत ऐक.

दार उघडलं तर हे उभे. मला वाटलं होतं तेवढे उंच नाहीत. पडद्यानं फसवलं. हातात तुझं पत्र पुढे धरलेलं, वसुली करायला आल्यासारखं. मी तिथेच वाचायला लागले, आणि ते आपले उंबऱ्याबाहेर, आत या म्हणायचं माझ्या लक्षातच नाही. मग शेजारचं मांजर येऊन त्यांच्या पायाशी लोळलं. ते खाली बसले, त्याचा जबडा उघडून बघितला आणि म्हणाले, "याचा सुळा किडलाय. तुम्ही पाहिलाय का?" मी म्हटलं, "मी माणसांची डॉक्टर." म्हणाले, "दात तोच असतो." मग काय, दारातच बसून आम्ही दोघांनी मांजराचा सुळा पाहिला. आत येऊन बसायला अर्धा तास लागला.

जेवले व्यवस्थित. आग्रह करावा लागला नाही, हा गुण. पाण्याचा पेला स्वतः विसळून ठेवला, हाही गुण. बोलताना समोरच्याला पुरतं बोलू देत नाहीत, हा अवगुण. तुझ्या बाबतीत तो तू काढशील, तुझंही तोंड काही कमी नाही.

टॉकीजमध्ये शिवणाच्या बाई होत्याच. लांबूनच हात करत आल्या, "आले का चिरंजीव? अन् सूनबाई कुठेय?" ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हटलं असतं तरी ते गप्प बसले असते, असं मला वाटलं. मी म्हटलं, "बाई, त्या दिवशी मी तुम्हाला खोटं सांगितलं. माझा मुलगा सहा वर्षांपूर्वी गेला. हे माझ्या सुनेचे होणारे यजमान." बाई अरेरे म्हणतील असं वाटलं होतं. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "चला, नाहीतर जागा जाईल." बाईमाणूस शहाणं आहे.

होणारे यजमान असं मी म्हणून बसले. तुझं उत्तर तू दे, मी कोण देणार? हो म्हण, नाही म्हण, पण माझ्यासाठी थांबू नकोस. मी थांबलेली नाही. मी केव्हाच पुढे गेलेय.

नाटक कसलं होतं ते सांगता येणार नाही. पहिला अंक बरा होता असं आठवतं. मध्यंतर झालं, पडद्यावर तिथलं थिएटर आलं, लोक उठले, आळस देऊ लागले. आम्ही दोघं बसूनच. ते डाव्या बाजूला होते, तू सांगितलंस तसे. कॉफीचा कप माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तुमचा मुलगा कसा होता?"

गडबडे, सहा वर्षं झाली. लोक मला विचारतात, कसे गेले, किती वयाचे होते, तुम्ही कशा आहात. कसा होता ते कुणी विचारलं नाही. तूसुद्धा नाही, कारण तुला माहीतच आहे.

मी सुरुवात केली ती त्याच्या जन्मापासून. पाळण्यात पाय मावत नव्हते, ते सांगितलं. शाळेच्या फोटोत मास्तरांच्या मागे उभा केला तर मास्तरांपेक्षा उंच. पोहायला शिकताना तळ्याच्या मधोमध उभा राहून "बुडतोय, बुडतोय" ओरडला, आणि पाणी कमरेएवढं. तुला पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा बाहेरच्या खोलीत तुला बसवून आत येऊन माझ्या कानात म्हणाला, "आई, तिला हसव ना, मला जमत नाहीये." हे तुला कधी सांगितलं नव्हतं बहुतेक. ते ऐकत होते. मध्ये मध्ये विचारत होते, मग काय झालं, मग? पडद्यावर काय चाललं होतं मला माहीत नाही. दिवे कधी गेले तेही कळलं नाही. तुला ठाऊक आहे, मी हळू बोलते असं मला वाटतं, तेव्हा ते गल्लीभर ऐकू जातं.

मागून कुणीतरी "शूऽऽ" केलं. ह्यांनी ओठावर बोट ठेवून मागे वळून माफी मागितली, आणि पुन्हा माझ्याकडे वळून हलकेच म्हणाले, "हं. मग?"

मग मी पुढचं सांगायला लागले.

तुझी,
आई